एका रेणूतून वीज वाहते म्हणजे नेमकं काय होतं, आणि त्यातलं कोल्हापुरात काय दाखवता येईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने एका रेणूचा रोध काढून पाहिला. लांबी १ नॅनोमीटर, जाडी अर्धा नॅनोमीटर, रोधकता तांब्याची. उत्तर आलं सुमारे ८५ ओहम. शोधनिबंधांत मात्र तेवढ्याच रेणूंचे आकडे मेगाओहममध्ये आहेत, काही शेकडो मेगाओहममध्ये. शिवाय लांबी वाढली की रोध घातांकी वाढतो असं एकीकडे लिहिलंय, तर दुसरीकडे सरळ रेषेत वाढतो असं. यातलं खरं काय, आणि विभागातल्या सामानावर यातलं काही डोळ्यांनी बघता येईल का, असं त्याला विचारायचंय.

तुमचा गुणाकार-भागाकार बरोबर आहे. सूत्रच इथे लागू होत नाही. रोधकता गुणिले लांबी भागिले क्षेत्रफळ, या सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: इलेक्ट्रॉन तारेतून जाताना वाटेत असंख्य वेळा आपटतो आणि प्रत्येक वेळी दिशा विसरतो. खोलीच्या तापमानाला तांब्यात किंवा सोन्यात दोन टकरींमधलं सरासरी अंतर ४० नॅनोमीटरच्या आसपास असतं. तुमची 'तार' १ नॅनोमीटरची. त्यात एकही टक्कर होत नाही, मग रोधकता हा शब्दच निरर्थक ठरतो. हे रेणूपुरतंच नाही. सोन्याचा एकच अणू दोन सोन्याच्या टोकांमध्ये धरला तरी हे सूत्र चालत नाही.

त्याऐवजी वापरायचा तो रोल्फ लँडाउअर यांनी १९५७ मध्ये मांडलेला विचार: वाहकता म्हणजे पलीकडे पोचण्याची शक्यता. एका मार्गाची जास्तीत जास्त वाहकता इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग गुणिले दोन, भागिले प्लँकचा स्थिरांक एवढी. हिला आपण सगळे जी-नॉट म्हणतो. आकडा ७७.५ मायक्रोसीमेन्स, म्हणजे उलटा केला तर १२.९ किलोओहम. इलेक्ट्रॉन शंभर टक्के पलीकडे जात असला तरी रोध १२.९ किलोओहमच्या खाली उतरत नाही, जोपर्यंत मार्ग एकच आहे. इथे विद्यार्थी हमखास अडतात: टक्करच नाही तर रोध आला कुठून? तो तोंडाशी येतो. नवरात्रात अंबाबाईच्या महाद्वाराशी रांग तुंबते ती आतली फरशी खराब आहे म्हणून नव्हे, दारातून एका वेळी ठरावीकच माणसं जातात म्हणून. रुंद धातूतले असंख्य मार्ग एका अणूएवढ्या मार्गाला येऊन मिळतात, तिथला हा रोध आहे.

आता रेणू. सोन्याच्या एका अणूतून इलेक्ट्रॉन जवळजवळ शंभर टक्के पार होतो. रेणूतून तसा होत नाही, कारण रेणूत इलेक्ट्रॉनला 'बसायच्या' जागा ठरावीक ऊर्जेलाच असतात. भरलेली सर्वांत वरची पातळी होमो, रिकामी सर्वांत खालची लुमो, आणि धातूची फर्मी पातळी (धातूत इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा) बहुधा या दोघींच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात पडते. धातूतून येणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला रेणूत जागाच नाही. तरीही तो पलीकडे जातो, टनेलिंग करून, म्हणजे मध्ये जागा नसतानाही लहरीसारखा आरपार झिरपून. किती सहज जातो हे दोन गोष्टींवर ठरतं: सर्वांत जवळची पातळी फर्मीपासून किती लांब आहे, आणि ती पातळी दोन्ही टोकांच्या धातूत किती घट्ट मिसळलेली आहे.

हे आकड्यांत करून बघा म्हणजे पटेल. एकच पातळी धरा. पार होण्याची शक्यता म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिसळणीचा गुणाकार, भागिले (पातळीच्या अंतराचा वर्ग अधिक एकूण मिसळणीच्या निम्म्याचा वर्ग). प्रत्येक बाजूची मिसळण ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि अंतर १ इलेक्ट्रॉनव्होल्ट घेतलं तर शक्यता येते ०.००२५. १२.९ किलोओहमला तिने भागा: सुमारे ५.२ मेगाओहम. आता मिसळण तीच ठेवून अंतर निम्मं करा, ०.५. उत्तर १.३ मेगाओहम. रेणूची लांबी-जाडी तिळभर बदलली नाही, तरी रोध चौपट उतरला. तुमचे ८५ ओहम आणि निबंधातले मेगाओहम यांच्यातली दरी ही अशी भरून निघते.

वेळेचा हिशोबही एकदा करण्यासारखा आहे. १,४-बेंझीनडायअमाइन हा दोन्ही टोकांना अमाइन (नायट्रोजनचा गट) असलेला छोटा रेणू; सोन्यामध्ये त्याची वाहकता जी-नॉटच्या ०.००६४ पट, म्हणजे रोध सुमारे २ मेगाओहम. १०० मिलिव्होल्ट लावले की धारा ५० नॅनोअँपियर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ वर अकरा शून्यं एवढे इलेक्ट्रॉन. दोन इलेक्ट्रॉनांमध्ये ३ पिकोसेकंद जातात, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन रेणूवर असतो तो एका फेम्टोसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी. बेंझीनच्या कड्याचं सर्वांत वेगवान आकुंचन-प्रसरण (कार्बन-कार्बन बंधाचं) २० फेम्टोसेकंदांचं. म्हणजे रेणूला हलायला वेळ मिळण्याआधीच इलेक्ट्रॉन निघून गेलेला असतो. म्हणूनच रेणू जळत नाही. व्होल्टेज गुणिले धारा, ५ नॅनोवॉट, ही उष्णता मुख्यतः दोन्ही बाजूंच्या धातूत बाहेर पडते. रेणूतच पडली असती तर पंधरा-सोळा अणूंचा तो तुकडा क्षणभरही टिकला नसता. व्होल्टेज वाढवत नेलं तर मात्र दया नाही: १ व्होल्ट १ नॅनोमीटरवर म्हणजे मीटरला १०० कोटी व्होल्ट. कोरडी हवा ३० लाखांनाच फुटते. त्यामुळे १ व्होल्टच्या आसपास जोड तुटायला लागतात, आणि साधी वाहकता मोजायला १०० मिलिव्होल्टच्या वर जायचं कारणच नाही.

लांबीचा प्रश्न. घातांकी आणि सरळ रेषा, दोन्ही खरं आहे. वेगवेगळ्या लांबीला, वेगवेगळ्या रेणूंना. टनेलिंगमध्ये प्रत्येक कडीमागे ठरावीक पटीने धारा घटते. नुसत्या पोकळीत दर अँगस्ट्रॉमला (नॅनोमीटरच्या दहाव्या भागाला) जवळजवळ दहापट. अल्केन साखळीत (नुसत्या एकेरी बंधांनी जोडलेल्या कार्बनांच्या) दर कार्बनमागे साधारण अडीचपट. चार कार्बनांची साखळी आठ केली, लांबी दुप्पट झाली, तर रोध दुप्पट न होता चाळीसपट होतो. बेंझीनची कडी एकापुढे एक जोडत गेलात तर दर कडीमागे पाच-सहापट. पण एक कडी चार अँगस्ट्रॉमहून लांब असते, तेव्हा अंतराच्या मानाने ही साखळी अल्केनपेक्षा कितीतरी चांगली. लांबी वाढवत राहिलात की टनेलिंगची धारा इतकी मरते की दुसरा, हळू मार्ग तिच्या पुढे जातो: इलेक्ट्रॉन खरोखर रेणूवर उतरतो, थांबतो, पुढच्या कडीवर उडी मारतो. याला हॉपिंग म्हणतात. यात रोध लांबीबरोबर सरळ रेषेत वाढतो. २००८ मध्ये फ्रिस्बी यांच्या गटाने संयुग्मी (एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या) रेणूंच्या तारांवर हा बदल दाखवला, साधारण ४ नॅनोमीटरपाशी. अल्केनमध्ये पातळ्या इतक्या लांब असतात की तिथे हॉपिंगची वाट बघू नका.

तुमच्या हातात कुठला प्रकार आहे हे ओळखायचं तर तापमान बदला. टनेलिंगला त्याचा फारसा फरक पडत नाही. हॉपिंग तापवलं की वाढतं आणि गार केलं की झपाट्याने पडतं. फक्त लांबीच्या आलेखावरून निष्कर्ष काढणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, विशेषतः आलेखात तीनच बिंदू असतील तर.

तारेच्या कल्पनेला रेणू आणखी कुठे कुठे दगा देतो ते पटकन सांगतो. दोन बेंझीन कडी एकमेकांना जोडून त्यांच्यात पीळ दिला तर वाहकता त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे घटते. ६० अंशांना ती पाव होते, काटकोनाजवळ सपाट रेणूच्या दहाव्या हिश्श्याहून खाली जाते. हे वेंकटरामन यांच्या गटाने २००६ मध्ये एकाच मालिकेतल्या रेणूंवर मोजून दाखवलं. बेंझीनला टोकं समोरासमोर, म्हणजे पॅरा जागी न जोडता मेटा जागी (मध्ये एकच कार्बन सोडून) जोडली तर लांबी कमी होऊनही वाहकता पडते, कारण दोन वाटांनी जाणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. आणि एकाच रेणूत दोन साखळ्या समांतर बसवल्या तर वाहकता बरोबर दुप्पट होईल असं धरू नका. योग्य मांडणीत ती दुपटीहून जास्त भरते. किरचॉफचे नियम बाहेरच्या सर्किटला लावायचे. रेणूच्या आत लावायचे नाहीत.

इथवर आलं ते एका वाक्यात: तुम्ही मोजता तो रेणूचा रोध नसतो, धातू-रेणू-धातू अशा सबंध जोडाचा असतो. हे लक्षात ठेवलं की निबंधांतले एकमेकांशी भांडणारे आकडे समजायला लागतात. बेंझीनडायथायॉलचंच घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना गंधकाचा थायॉल गट असलेल्या बेंझीनचं. १९९७ मध्ये रीड यांच्या गटाने तो तुटणाऱ्या सोन्याच्या तारेत धरला, तेव्हा रोध २२ मेगाओहमच्या घरात होता. २००४ मध्ये ताओ यांच्या गटाने हजारो वेळा जोड करून-मोडून जो आकडा दिला तो जी-नॉटच्या ०.०११ पट, म्हणजे १.२ मेगाओहमच्या जवळ. रेणू तोच. गंधक सोन्याच्या कुठल्या जागी बसला, एका अणूच्या माथ्यावर की तीन अणूंच्या खळग्यात, यावर मिसळण ठरते, आणि थायॉलला या सगळ्याच जागा आवडतात. बंध इतका घट्ट की ओढताना सोन्याचे अणूही सोबत ओढले जातात. अमाइनचं तसं नाही. नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉनांची जोडी फक्त उघड्या पडलेल्या, शेजारी कमी असलेल्या सोन्याच्या अणूला देतो. बंध कच्चा आहे, पण जागा जवळजवळ एकच, म्हणून हिस्टोग्रामचं (कुठली वाहकता किती वेळा आली त्याच्या आलेखाचं) शिखर अरुंद येतं. नवीन माणसाने अमाइननेच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर ४,४'-बायपिरिडिन; त्यात दोन शिखरं दिसतात, रेणू तिरका धरलेला असताना वरचं आणि ताणून सरळ झाला की खालचं, आणि ती दोन्ही दिसली की आपलं यंत्र ठीक चाललंय याची खात्री पटते. थायॉल सर्वांत शेवटी. ते हवेत एकमेकांना चिकटून डायसल्फाइड होतात हा आणखी एक त्रास.

पूर्ण प्रयोग कसा चालतो? काचेवरच्या सोन्याच्या थरावर सोन्याचं टोक टेकवायचं, रोध १ किलोओहमच्या खाली जाईपर्यंत दाबायचं, मग सेकंदाला १५ ते २० नॅनोमीटर वेगाने मागे ओढायचं आणि सबंध वेळ धारा नोंदवायची, सेकंदाला ४० हजार वेळा. सोन्याची मान बारीक होत जाते, शेवटी एका अणूची होते, जी-नॉटवर पायरी येते. ती तुटली की दोन्ही टोकं अर्ध्या नॅनोमीटरहून थोडी जास्त झटक्यात मागे सरतात. त्या फटीत रेणू अडकला तर खाली, जी-नॉटच्या शंभरांश ते लाखांश भागात कुठेतरी दुसरी पायरी दिसते. ही पद्धत २००३ मध्ये शू आणि ताओ यांनी रुळवली. द्रावक म्हणून १,२,४-ट्रायक्लोरोबेंझीन वापरतात, कारण ते २१४ अंशांना उकळतं, म्हणजे तासभर उघडं राहिलं तरी उडून जात नाही, आणि अध्रुवीय असल्यामुळे त्यातून गळतीची धारा जवळजवळ नसते. रेणूचं प्रमाण १ मिलिमोलर पुरे. शिखर फार मोठं आलं तर दहापट पातळ करा. पाण्यात किंवा ध्रुवीय द्रावकात मोजायचं तर टोकाचा अगदी शेंडा सोडून बाकी सगळं मेणाने झाकावं लागतं, नाहीतर आयनांची धारा रेणूची धारा बुडवून टाकते. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत उघड्या यंत्रावर हाच त्रास द्रावक बरोबर असूनही होऊ शकतो. कोरड्या नायट्रोजनचा हलका झोत डब्यात सोडा.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: रेणू घालण्याआधी नुसत्या द्रावकात हजार नोंदी. त्यात जी-नॉटच्या खाली पायरी दिसली तर टोक, थर किंवा द्रावक मळलेलं आहे. अशा सामानावर पुढे काहीही मोजू नका.

आता तुमच्या विभागात काय होईल ते. रेणूपर्यंत एकदम उडी मारू नका. सोन्याची पायरी आधी दाखवा. तीसुद्धा अस्सल क्वांटम पायरी आहे आणि टेबलावर, खोलीच्या तापमानाला, हवेत दिसते. १९९५ मध्येच साध्या तारा एकमेकींना टेकवून-सोडून हे दाखवून झालंय.

सोनं गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात, मिळेल, पण दागिन्याची २२ कॅरेटची तार घेऊ नका. त्यातलं तांबं तापवल्यावर वर येतं आणि काळं पडतं. सोनाराला २४ कॅरेटचं, ९९९ चं सोनं ओढून ०.२५ मिलिमीटरची तार करून मागा, कुठेही डाग न दिलेली, सलग. १० सेंटिमीटरचं वजन ९५ मिलिग्रॅमच्या आसपास भरतं, आणि तेवढ्यात दोन वर्षांचे प्रयोग होतात. तार ओढताना पट्टीला लावलेलं तेल-मेण पृष्ठभागात दाबलं जातं. म्हणून आधी अॅसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग डिस्टिल्ड पाणी, आणि शेवटी गॅसच्या छोट्या बर्नरवर क्षणभर लालसर. क्षणभरच, जास्त धरली तर टोकाला गोळा होतो. हुपरीच्या चांदीच्या तारेनेही पहिली पायरी साधारण तिथेच येते, कारण चांदीचा एक अणूही जवळजवळ एकच मार्ग देतो. पण चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, तेव्हा तिच्यावर मोजायचं तर ताजी घासून त्याच दिवशी.

हलवायला पिएझो बझरची चकती (व्होल्टेज दिलं की वाकणारी) घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते. तिचा मध्यभाग दर व्होल्टला शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या घरात सरकतो. फंक्शन जनरेटरमधून १ हर्ट्झची त्रिकोणी लहर, २० व्होल्ट शिखर ते शिखर दिली की काही मायक्रोमीटर मागे-पुढे होतं, आणि शेवटचा नॅनोमीटर मिलिसेकंदाच्या काही दशांशात पार पडतो. चकतीची पितळी बाजू तारेकडे ठेवा, ती अर्थ करा, तार मध्ये काचेचा तुकडा घालून चिकटवा. दुसरी तार मायक्रोमीटर स्क्रूवर. दोन तारा एकमेकींना काटकोनात आडव्या टेकल्या की जोडबिंदू आपोआप एकच राहतो.

सर्किट: दीड व्होल्टचा सेल, त्यावर २.९ किलोओहम आणि १०० ओहम यांचा विभाजक, म्हणजे ५० मिलिव्होल्ट. तिथून १ किलोओहम मालिकेत, मग सोन्याचा जोड, मग टीएल०७१ ऑप-अँपचं (प्रवर्धक चिपचं) उलटं इनपुट. फीडबॅकला १०० किलोओहम आणि समांतर १० पिकोफॅरड. पुरवठा ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर, मेन्सवर नाही. ऑप-अँप चिन्ह उलटवतो, म्हणून सेल उलटा जोडा. जोड पूर्ण बंद असताना आउटपुट साधारण साडेचार व्होल्ट (विभाजकाचे १०० ओहमही मालिकेत येतात). तीन मार्गांना ०.९३, दोन मार्गांना ०.६६, एका मार्गाला ०.३६ व्होल्ट. पायऱ्या सम अंतरावर का नाहीत हे इथे विचारलं जाईल. मालिकेतल्या ११०० ओहमांमुळे. ते वजा करून वाहकता काढा.

जोडाच्या जागी १२ किलोओहम आणि ९१० ओहम मालिकेत लावून आधी कॅलिब्रेट करा, आउटपुट ०.३६ यायला हवं. हे न करता पायरी दिसली असं कुणी सांगितलं तर परीक्षकाने मानू नये. मग डीएसओवर (डिजिटल ऑसिलोस्कोपवर) ट्रिगर उतरत्या कडेवर, ०.५ व्होल्टला, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये. सिंगल शॉट, ५० मायक्रोसेकंद प्रति भाग, २०० मिलिव्होल्ट प्रति भाग. पडदा वर कापला जाईल, जाऊ द्या.

काय बिघडतं? रेषा पायरी न दाखवता सरळ शून्यावर गेली तर बहुधा वेग जास्त आहे किंवा तार मळकी. आधी त्रिकोणी लहर अर्ध्या हर्ट्झवर आणा. ०.३६ च्या जागी सगळंच ०.३३ ला येत असेल तर कुठेतरी १ किलोओहमहून थोडा जास्त रोध गुपचूप मालिकेत बसलाय, बहुतेक वेळा तारेच्या चिकटवलेल्या टोकाशी. पायरी तिरकी, वितळल्यासारखी दिसली तर फीडबॅकचा कॅपॅसिटर मोठा आहे किंवा जोडापासून ऑप-अँपपर्यंतची केबल लांब. जोड तुटलेला असताना रेषेवर २० मिलिसेकंदांची लाट दिसली तर ती महावितरणची. सगळं पत्र्याच्या डब्यात घाला, डबा एकाच ठिकाणी अर्थ करा, ट्यूबलाइट बंद करा. दहा-वीस नोंदींनंतर पायऱ्या दिसेनाशा झाल्या तर स्क्रू थोडा पुढे घेऊन टोकं पुन्हा दाबा. सोनं सोन्याला चिकटतं आणि ओढताना ताजा पृष्ठभाग उघडा पडतो.

आणि हे अगदी महत्त्वाचं: एकेका नोंदीत पायरी ०.८ जी-नॉटला, १.३ जी-नॉटला, कुठेही येऊ शकते. सुंदर दिसणारी नोंद निवडून अहवालात चिकटवणं म्हणजे फसवणूकच. किमान ५०० ते १००० नोंदी, एकही न गाळता, एकत्र करून हिस्टोग्राम काढा. १ जी-नॉटला स्पष्ट शिखर येतं, २ ला बुटकं, ३ ला जेमतेम.

याच सर्किटवर रेणू दिसेल का? नाही. जी-नॉटच्या दहा हजारांश वाहकतेला ५० मिलिव्होल्टवर ०.३९ नॅनोअँपियर, १०० किलोओहमवर त्याचे होतात ३९ मायक्रोव्होल्ट, गोंगाटात गेले. फीडबॅक १०० मेगाओहम केला तर ३९ मिलिव्होल्ट मिळतील, पण १ पिकोफॅरड भटक्या धारकतेने बँडविड्थ दीड किलोहर्ट्झवर येते, आणि जोड बंद असताना ऑप-अँप तुंबून बसतो. म्हणून लॉगॅरिदमिक अॅम्प्लिफायर किंवा दोन गेनचं सर्किट लागतं, आणि ओढण्याचा वेग मायक्रोमीटरवरून नॅनोमीटरवर आणावा लागतो.

त्या वेगासाठी एसटीएम (टोक नॅनोमीटरने हलवणारा सूक्ष्मदर्शक) नसेल तर तीन बिंदूंवर वाकवायचं यंत्र उद्यमनगरातल्या कारखान्यांत करून घेता येतं. फॉस्फर ब्राँझची अर्धा मिलिमीटर जाड पट्टी, वर कॅप्टॉनचा (वीजरोधक प्लास्टिकचा) थर, त्यावर ०.१ मिलिमीटरची सोन्याची तार दोन इपॉक्सी थेंबांत धरलेली. थेंबांतलं अंतर ०.३ मिलिमीटर आणि मधोमध ब्लेडने अर्धवट खाच. दोन आधार २० मिलिमीटरवर, खालून मधोमध गोल टोकाचा दांडा. वाकवल्यावर फट किती उघडते त्याचं प्रमाण: सहा गुणिले पट्टीची जाडी गुणिले थेंबांतलं अंतर, भागिले आधारांतल्या अंतराचा वर्ग. इथे ते येतं ०.००२२५, दांडा १ मायक्रोमीटर वर सरकला की फट सव्वादोन नॅनोमीटर. अर्धा मिलिमीटर पिचच्या स्क्रूचा एक अंशही ३ नॅनोमीटर उघडतो, तेव्हा हाताने फिरवू नका. गिअर मोटर किंवा पिएझोचा खांब लावा. इपॉक्सी थेंबांतलं अंतर एवढं कमी ठेवायचं कारण हेच, आणि कारागीर हमखास तिथेच चुकतो: थेंब पसरून खाचेत गेला की तार तुटते पण पुन्हा जुळत नाही. सूत्राचं प्रमाण प्रत्यक्षात पट्टीगणिक बदलतं. रेणू न घालता टनेलिंगची धारा मोजा. हवेत ती अँगस्ट्रॉममागे साधारण दहापट पडते या हिशोबाने प्रत्येक पट्टी वेगळी कॅलिब्रेट करा. या यंत्राचा मोठा फायदा म्हणजे कंपनांची फिकीर जवळजवळ नसते. महामार्गावरचे ट्रक एसटीएमला जेवढा त्रास देतात त्याच्या अंशानेही याला नाही.

बेंझीनडायअमाइन मागवलंत तर बाटली उघडल्यावर रंग बघा. पांढरट असेल तर ठीक. तपकिरी झालं असेल तर हवेने ऑक्सिडाइझ झालंय, संप्लवन करून (तापवून थेट वाफ आणि पुन्हा घन) मगच वापरा. हातमोजे आणि फ्यूम हूडशिवाय हाताळू नका, विषारी आणि त्वचेला अॅलर्जी करणारं आहे. ट्रायक्लोरोबेंझीनही सिंकमध्ये ओतायचं नाही, हॅलोजनयुक्त कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत जमा करायचं.